तीन की चार? : एका फ्रेंच विशेषणाची अक्षरसंख्या आणि उच्चारशुद्धीचा आग्रह

१

पाश्चात्त्य साहित्यविचाराशी मराठी समीक्षेचा संबंध दीर्घकाळ इंग्रजीच्या मध्यस्थीने आला. त्यामुळे फ्रेंच नावे आणि संज्ञा इंग्रजी वळणाने लिहिण्याची व उच्चारण्याची सवय जडली. संरचनावाद आणि त्यानंतरचे विचारव्यूह मराठीत चर्चिले जाऊ लागले तेव्हा या सवयीविरुद्ध रास्त प्रतिक्रिया उमटली. 'बार्थ', 'फूको', 'देरिदा' ही रूपे स्थिरावली आणि मूळ भाषेतील उच्चाराची चौकशी करणे हा अभ्यासाचा भाग बनला. याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही.

तक्रार आहे ती या आग्रहाच्या पोटात लपलेल्या गृहीतकाविषयी. प्रत्येक फ्रेंच शब्दाला एकच खरा उच्चार असतो. तो शब्दकोशात नोंदलेला असतो. आणि शब्द गद्यात येवो वा पद्यात, तो त्याच उच्चाराने वाचला पाहिजे, असे हे गृहीतक आहे. कवितेतील अक्षरसंख्या या उच्चाराशी जुळेनाशी झाली की कवीने छंदाच्या सोयीसाठी 'सवलत' घेतली, असे सांगून प्रश्न निकालात काढला जातो. हे स्पष्टीकरण इतके सोपे आणि इतके परिचित आहे की ते तपासून पाहावे असे सहसा कोणाला वाटत नाही. ते चुकीचे आहे, आणि त्याची चूक एका उच्चारापुरती मर्यादित नाही. पद्य म्हणजे काय आणि भाषेचा इतिहास पद्यात कोणत्या रूपाने वावरतो, या मूलभूत प्रश्नांना ती जाऊन भिडते.

तपासणीसाठी एकच साधा शब्द पुरेसा आहे : 'पॅरिसचा' या अर्थाचे फ्रेंच विशेषण. पुढील विवेचनात 'अक्षर' हा शब्द लिपीतील चिन्ह या अर्थाने न घेता, एका स्वराभोवती एकवटलेला उच्चारघटक या अर्थाने घेतलेला आहे. लिपीतील चिन्हांसाठी 'वर्ण' हा शब्द योजला आहे.

२

आजच्या प्रमाण फ्रेंच बोलण्यात या विशेषणाचा पुल्लिंगी उच्चार 'पा-रि-झ्यँ' असा तीन अक्षरी होतो. ('झ' येथे 'झरा'मधला.) अखेरीस लिहिले जाणारे वर्ण तीन आहेत : आय, ई आणि एन. त्यांतील 'एन' स्वतंत्रपणे उच्चारला जात नाही, त्याने आधीचा स्वर अनुनासिक होतो. आणि 'आय' हा स्वर न राहता 'य्' या अर्धस्वरात उतरतो. प्रचलित शब्दकोश हाच उच्चार देतात. मुद्रणात ओळीच्या शेवटी शब्द तोडावयाचा झाल्यास जे विभाग पडतात तेही तीनच, कारण लागोपाठ आलेले दोन स्वरवर्ण तोडू नयेत असा फ्रेंच मुद्रणाचा संकेत आहे.

अभिजात फ्रेंच पद्यात मात्र हाच शब्द 'पा-रि-झि-यँ' असा चार अक्षरी मोजला जातो. तेथे 'आय' पूर्ण स्वर असतो आणि त्याचे स्वतंत्र अक्षर बनते. या विलग गणनेला फ्रेंच छंदःशास्त्रात 'दियेरेझ' म्हणतात आणि दोन स्वर एका अक्षरात मिसळण्याला 'सिनेरेझ'. 'इटलीचा' या अर्थाचा शब्द बोलण्यात 'इ-ता-ल्यँ', तर पद्यात 'इ-ता-लि-यँ'. 'भारतीय' या अर्थाचा शब्द बोलण्यात 'अँ-द्यँ' असा दोन अक्षरी, तर पद्यात 'अँ-दि-यँ' असा तीन अक्षरी.

स्त्रीलिंगी रूपात गुंतागुंत वाढते. 'पॅरिसची' या अर्थाचे रूप आजच्या उत्तर फ्रान्समधील बोलण्यात 'पा-रि-झ्येन' म्हणजे तीन अक्षरी आहे. दक्षिणेकडील बोलण्यात अखेरचा 'ई' ऐकू येतो, त्यामुळे तेथे अक्षरे चार होतात. पद्यात हाच शब्द ओळीच्या शेवटी किंवा स्वरारंभी शब्दापूर्वी आला तर चार अक्षरांचा आणि ओळीच्या आत व्यंजनारंभी शब्दापूर्वी आला तर पाच अक्षरांचा : 'पा-रि-झि-ये-न'. एकाच शब्दाची अक्षरे तीन, चार किंवा पाच! यांपैकी 'खरी' संख्या कोणती, असा प्रश्न विचारणे म्हणजे मुद्रकाचा विभाग, बोलणाऱ्याचा विभाग आणि छंदाचा विभाग या तीन वेगळ्या व्यवस्थांना एकाच तराजूत घालणे होय. शब्दकोश यांपैकी एका व्यवस्थेची नोंद करतो. उरलेल्या दोहोंवर त्याची सत्ता चालत नाही.

३

आता 'सवलती'च्या सिद्धांताकडे वळता येईल. सवलत म्हणजे नियमापासून घेतलेली आणि ऐच्छिक अशी फारकत. तसे असेल तर दोन गोष्टी दिसावयास हव्यात. एक, गरज पडेल तेव्हा कवी शब्द लांबवील आणि गरज नसेल तेव्हा बोलण्याप्रमाणे आखूड ठेवील. दोन, समान ध्वनिरचना असलेल्या सर्व शब्दांना हे स्वातंत्र्य सारखेच लागू होईल.

प्रत्यक्षात यांपैकी एकही गोष्ट दिसत नाही. 'चांगले' या अर्थाचा शब्द 'ब्यँ', 'काहीही' या अर्थाचा 'र्यँ', 'कुत्रा' या अर्थाचा 'श्यँ' हे सारे अभिजात पद्यात एकाक्षरीच असतात. ओळीत एक अक्षर कमी पडते म्हणून 'बि-यँ' करण्याची मुभा कवीला नाही. उलट 'बंध' या अर्थाचा शब्द आज बोलण्यात 'ल्यँ' असा एकाक्षरी असूनही पद्यात तो 'लि-यँ' असा द्व्यक्षरी आहे. वर्ण तेच, आजचा ध्वनिक्रम तोच, तरी वागणूक भिन्न. 'पॅरिसचा' हा शब्द अभिजात परंपरेतील कवीने चार अक्षरी मोजला तर तो नियम पाळतो. तीन अक्षरी मोजला असता तर ती सवलत ठरली असती. म्हणजे सवलतीचा सिद्धांत वस्तुस्थिती नेमकी उलटी मांडतो. तेओदोर द बांव्हील याने आपल्या १८७२ च्या छंदोविषयक लघुग्रंथात काव्यगत सवलतींना एक प्रकरण दिले आणि त्यात त्यांचे अस्तित्वच नाकारले, ही गोष्ट पुष्कळदा एक गंमत म्हणून सांगितली जाते. तिच्यातील गांभीर्य बाजूला राहते.

या चुकीचा उगम मराठी वाचकाच्या छंदोविषयक संस्कारात शोधता येतो. मराठी पद्यात वृत्तासाठी ऱ्हस्वाचे दीर्घ आणि दीर्घाचे ऱ्हस्व करण्याची मोकळीक परिचयाची आहे. तेथे प्रमाणरूप आधी असते आणि कवी त्यापासून ढळतो. हाच नमुना फ्रेंच पद्यावर लादला की शब्दकोशातील तीन अक्षरे 'प्रमाण' ठरतात आणि ओळीतील चार अक्षरे 'ढळणे'. पण शब्दकोशातील उच्चार हा आजचा आहे. ओळीतील गणना त्याच्या कितीतरी आधीची. जे आधीचे आहे ते नंतरच्यापासून कसे ढळणार?

४

मग ही गणना ठरते कशावरून? पाठ्यपुस्तकी उत्तर व्युत्पत्तीकडे बोट दाखवते. लॅटिनमधील एकाच स्वराचे फ्रेंचमध्ये दुभंगून जोडस्वर झाले असतील तर एक अक्षर. लॅटिनमध्येच दोन स्वर दोन अक्षरांत असतील तर दोन. 'चांगले' आणि 'कुत्रा' हे शब्द पहिल्या वर्गातले. देशवाचक, नगरवाचक विशेषणांचा प्रत्यय लॅटिन 'इआनुस'पासून आलेला, म्हणून दुसऱ्या वर्गातला. हे उत्तर सवलतीच्या सिद्धांतापेक्षा शतपटीने बरे आहे. तरीही ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही.

'ख्रिस्ती' या अर्थाचा शब्द पाहावा. तो त्याच प्रत्ययाचा आहे. इ. स. ११०० च्या सुमाराच्या 'रोलाँचे गीत' या वीरकाव्यात तो तीन अक्षरी आहे. १६४३ मध्ये छापल्या गेलेल्या कॉर्नेयच्या 'पोलियक्त' या नाटकात, जेथे हा शब्द संपूर्ण संघर्षाच्या केंद्रस्थानी आहे, तो दोन अक्षरी झालेला आहे : 'क्रे-त्यँ'. व्युत्पत्ती बदलली नाही, गणना बदलली. रोज तोंडात घोळणारा शब्द झिजला आणि पद्याने ती झीज मान्य केली. ग्रंथांतून, प्रशासनातून, भूगोलातून आलेली 'इटालियन', 'भारतीय' यांसारखी विशेषणे तितकी झिजली नाहीत, किंवा झिजली तरी पद्याने ती झीज नोंदवली नाही. म्हणजे छंदातील गणना ही लॅटिनची आठवण नसून फ्रेंच समाजाने कोणते शब्द किती वापरले आणि साहित्याने ते केव्हा कोणत्या रूपात स्वीकारले, याची नोंदवही आहे.

उलट दिशेचे उदाहरणही तितकेच बोलके आहे. 'खुनी' या अर्थाचा शब्द पूर्वी दोन अक्षरी मोजला जात असे. १६३७ च्या 'ल सिद' या नाटकात कॉर्नेय तो तीन अक्षरी मोजतो : 'मर्-त्रि-ये'. कारण उघड आहे. व्यंजनामागे 'र्' वा 'ल्' आणि त्यामागे पुन्हा 'य्' अशी गर्दी फ्रेंच जिभेला पेलेनाशी झाली आणि 'आय' पुन्हा स्वर बनला. पद्याने जिभेचे ऐकले. हा नियम आजच्या बोलण्यातही जिवंत आहे. 'उंब्रियाचा' या अर्थाचे विशेषण आज कोणीही फ्रेंच भाषक 'ओं-ब्रि-यँ' असेच, तीन अक्षरी, उच्चारतो. 'ब्र्यँ' त्याला म्हणता येत नाही. प्रत्यय तोच, अर्थाची जात तीच, भाषक तोच. तरी 'पॅरिसचा' या शब्दात प्रत्ययाचे एक अक्षर आणि 'उंब्रियाचा' या शब्दात दोन. तेव्हा प्रत्ययाची द्व्यक्षरी गणना ही छंदःशास्त्र्यांनी रचलेली कृत्रिम गोष्ट आहे, हा आक्षेप बोलीच्याच साक्षीने कोसळतो. बेल्जियममधील फ्रेंचमध्ये 'सिंह' या अर्थाचा शब्द अनेकांच्या तोंडी आजही द्व्यक्षरी आहे, ही बाबही येथे ध्यानात घ्यावी. ज्याला 'स्वाभाविक' म्हटले जाते ते एका प्रदेशाचे, एका काळाचे आणि एका वर्गाचे बोलणे असते.

५

उच्चारशुद्धीच्या आग्रहाने प्रत्यक्ष नुकसान काय होते? मराठीत बोदलेरची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्याच्या 'पापाची फुले' या संग्रहाच्या १८६१ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'पॅरिसची चित्रे' हा नवा विभाग आला. त्या विभागात 'पॅरिसचे स्वप्न' अशा शीर्षकाची एक कविताही आहे. दोन्ही ठिकाणी हे विशेषण शीर्षकात आहे, म्हणजे छंदाच्या बाहेर. तेथे त्याची अक्षरे मोजणारे कोणतेही माप नाही. वाचकाने ते बोलण्याप्रमाणे तीन अक्षरांत म्हटले तर कशालाही बाध येत नाही. तोच शब्द बारा अक्षरी आलेक्साँद्रँ ओळीत शिरला की त्याची जागा दोन सहा-अक्षरी अर्धांपैकी एकात ठरते आणि तेथे तो चार घरे व्यापतो. तीन म्हटला तर अर्ध पाच अक्षरांचा होतो आणि दोन अर्धांची समता मोडते. बन्वा द कॉर्न्युलिए याने 'पद्याचा सिद्धांत' (१९८२) या ग्रंथात दाखवून दिले आहे की आठांपेक्षा अधिक अक्षरांची नेमकी समता कान पकडू शकत नाही. बारा अक्षरे ऐकू येतात ती सहा अधिक सहा म्हणूनच. एक अक्षर गळाले तर बाराची अकरा होतात एवढेच घडत नाही. ज्यामुळे ओळ ही ओळ म्हणून ऐकू येते तो आधारच जातो.

संरचनावादी समीक्षेचा वस्तुपाठ म्हणून मराठी विभागांत ज्याचा हमखास उल्लेख होतो ते रोमान याकब्सन आणि क्लोद लेव्ही-स्त्रोस यांचे बोदलेरच्या 'मांजरे' या सुनीताचे विश्लेषण (१९६२) येथे आठवावे. त्या सुनीताच्या पाचव्या ओळीत 'विद्या, शास्त्र' या अर्थाचा शब्द आहे. आजच्या बोलण्यात तो 'स्याँस' असा एकाक्षरी. ओळीचा पहिला अर्ध मात्र तो 'सि-याँस' असा द्व्यक्षरी मोजल्याशिवाय पुरा होत नाही. समांतरता, वितरण, विरोध यांची सूक्ष्म कोष्टके पाठ करणारा विद्यार्थी ही ओळ 'शुद्ध' उच्चाराने वाचतो तेव्हा जिच्या समतेवर ती सारी कोष्टके उभी आहेत ती ओळच त्याच्या हातून लंगडी झालेली असते, आणि त्याला ते कळतही नाही.

यातील उपरोध असा की ज्या इंग्रजाळलेल्या उच्चारांची टिंगल केली जाते त्यांत 'पॅ-रि-सि-यन' चार अक्षरी आणि 'सा-यन्स' दोन अक्षरी आहे. अडाणी उच्चाराने ओळीची संख्या निदान योगायोगाने तरी जुळते. सुशिक्षित उच्चाराने ती हमखास मोडते. अर्थात योगायोगाला ज्ञान म्हणता येत नाही. पण ज्या शुद्धीने ओळ मोडते तिलाही ज्ञान म्हणता येणार नाही.

येथे दुसऱ्या टोकाची चूकही नोंदवली पाहिजे. विलग गणना ध्यानात आली की काही वाचक लगेच तिला अर्थ चिकटवतात : कवीने शब्द लांबवला, म्हणून त्याला त्यावर भर द्यावयाचा आहे. रासीनच्या पद्यातील प्रत्येक विलग 'आय'मध्ये असा भर शोधणे व्यर्थ होय, कारण जे अनिवार्य आहे ते निवडलेले नसते. बोदलेरच्या काळापर्यंत बोलणे आणि पद्यगणना यांतील अंतर वाढले होते. त्या श्रोत्याला चार अक्षरांचा शब्द किंचित दूरचा, किंचित सावकाश वाटत असणार, आणि कवी ते जाणत असणार. विसाव्या शतकात, आपोलिनेरच्या 'आल्कॉल' (१९१३) नंतर, नियमाची हमीच संपली. तेथे असा शब्द तीन अक्षरी घ्यावा की चार, हे वाचकाला ओळ ऐकून ठरवावे लागते आणि ते ठरवणे हाच अर्थनिर्णयाचा भाग बनतो. झाक रूबो याने 'आलेक्साँद्रचे वार्धक्य' (१९७८) या ग्रंथात आलेक्साँद्रँच्या पडझडीचा जो इतिहास उलगडला आहे त्याच्या प्रकाशात हे पाहावे. एकाच गणनेचे मूल्य तीन कालखंडांत तीन प्रकारचे आहे. 'खरा उच्चार एकच' या गृहीतकात या इतिहासाला जागाच उरत नाही.

६

ही सारी चर्चा मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. तशी ती वाटत असेल तर ते आपल्याच परंपरेच्या विस्मरणाचे लक्षण म्हणावे लागेल. गायत्री मंत्राच्या पहिल्या पादात लिहिल्याप्रमाणे अक्षरे सात भरतात, पाहिजेत आठ. 'वरेण्यं' हे पद 'वरेणियं' असे मोजले की पाद पुरा होतो. पिंगलाने 'इय' आदींनी पाद भरून घेण्याची व्यवस्था सांगितली आहे आणि प्रातिशाख्यकारांनी अशा विलगीकरणाला 'व्यूह' ही संज्ञा दिली आहे. संधीने दडवलेला जुना स्वर छंद उघड करतो, हे ज्या परंपरेला ठाऊक होते तिच्या वारसांनी फ्रेंच ओळीतील तोच व्यापार 'सवलत' म्हणून हातावेगळा करावा, हे आश्चर्यच. पठणात 'वरेण्यं' हेच रूप टिकले आणि गणना करणाऱ्यांनी एक अक्षर उणे असलेल्या गायत्रीला 'निचृत्' असे वेगळे नावही दिले. म्हणजे उच्चार आणि गणना यांतील तणाव त्या परंपरेने लपवला नाही. त्याला नावे दिली. 'दियेरेझ'साठी मराठीत संज्ञा घडवण्याची खटपट अनावश्यक आहे. 'व्यूह' ही संज्ञा तयार आहे.

फ्रेंचमधील मूक 'ई'लाही मराठीत जवळचा सोबती आहे. 'पंढरपुरी' हे विशेषण बोलण्यात 'पं-ढर-पु-री' असे चार अक्षरी आहे, पण अभंगाच्या वा ओवीच्या मापात ते 'पं-ढ-र-पु-री' असे पाच अक्षरी मोजले जाते. मोठ्या अभंगाचे सहा-सहा-सहा-चार हे माप बोलण्यातील लोप जमेस धरत नाही. म्हणून तुकोबांनी प्रत्येक चरणात सवलत घेतली, असे कोणी म्हणत नाही. तेथे मराठी वाचकाचा कान आपोआप जागा होतो. तोच कान फ्रेंच ओळीपुढे शब्दकोशाच्या स्वाधीन का केला जातो, हा खरा प्रश्न आहे.

पद्यातील अक्षर ही भाषेने आपल्या पूर्वस्थितीची ठेवलेली खूण असते. तिचे वाचन करण्यासाठी त्या भाषेच्या आजच्या प्रमाण उच्चाराचे ज्ञान आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. त्या उच्चारापाशी थांबणारा अभ्यास इंग्रजीची मध्यस्थी झुगारून आजच्या फ्रेंच शब्दकोशाची मध्यस्थी पत्करतो, एवढाच फरक होतो. फ्रेंच कविता शिकवताना 'ही बारा अक्षरांची ओळ' असे सांगून पुढे जाणाऱ्याने ती बारा अक्षरे एकदा फळ्यावर मोजून दाखवावीत. 'पॅरिसचा' हा शब्द तेथे चार घरांत बसेल. न बसल्यास चूक बोदलेरच्या माथी मारू नये.